‘तारण’ झाले, होत आहे की होणार? ख्रिस्ती श्रद्धेतील देव आणि तारण यांविषयी

हिशेबनीस

नमस्कार. मी गेली बावीस वर्षे एका पतसंस्थेत सोनेतारण कर्जाच्या खिडकीमागे बसतो. सराफाने वजन करून चिठ्ठी द्यायची, दागिना कापडी पिशवीत घालून तोंडाशी लाखेची मोहोर लावायची आणि नोंदवहीतल्या ‘तारण वस्तूचे वर्णन’ या रकान्यात ‘पाटल्या दोन, पैकी एकीस पोचा’ असे लिहायचे, एवढाच ‘तारण’ या शब्दाचा आणि माझा संबंध होता.

गेल्या महिन्यात माझ्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याचे वडील वारले आणि मी नगरला दफनविधीसाठी गेलो. पाळकसाहेब बोलताना म्हणाले, ‘आपल्या या बंधूचे तारण झाले होते.’ मला त्या शब्दापेक्षा त्यातला काळ खटकला. कोणी गेले की आपल्याकडे ‘सद्गती लाभो’, ‘आत्म्यास शांती मिळो’ असे म्हणतात. ती इच्छा असते. इथे मात्र खाते पुरे झाल्यासारखा भूतकाळ होता, आणि तोही मृत्यूच्या आधीचा. परतताना सहकाऱ्याला विचारावेसे वाटले, परंतु त्या दिवशी असले काही विचारणे बरे दिसेना.

तारण म्हणजे आपला मोक्षच का, तो कमवावा लागतो की दिला जातो, आणि देव एकच मानायचा तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशी तीन नावे का घ्यायची, एवढेच मला समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी सवडीने लिहावे. धर्मांतराच्या राजकारणावरचे वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर न्यावेत.

जुनी_वेस

सलाम. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि आमच्या घरात ख्रिस्ती श्रद्धेची ही चौथी पिढी आहे. आपण काळ पकडलात याचे मला कौतुक वाटले, कारण रविवारच्या शाळेत इतकी वर्षे शिकवूनही एकाही मुलाने मला हा प्रश्न विचारला नव्हता.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या उत्तर भागात, हे क्रियापद तिन्ही काळांत येते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ‘तुमचे तारण झालेले आहे’ असा भाव आहे, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ज्यांचे तारण ‘होत आहे’ अशा लोकांचा उल्लेख आहे, तर रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ‘आपले तारण होईल’ अशी आशा आहे. हा विसंवाद नव्हे. मूळ ग्रीक क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: संकटातून सोडवणे आणि रोगातून बरे करणे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते, तेव्हा तो तिला जे म्हणतो त्यात हेच क्रियापद आहे. मराठी भाषांतरकाराला दर ठिकाणी ‘बरे केले’ लिहायचे की ‘तारले’ लिहायचे, याची निवड करावी लागते, आणि एक अर्थ निवडला की दुसरा हातातून निसटतो. विषमज्वरातून उठलेल्या माणसाचे पाहा. ताप उतरला, म्हणजे धोका टळला. औषध अजून चालू आहे. अंगात पूर्ववत बळ यायचे बाकी आहे. पाळकसाहेबांनी त्यांतला पहिला काळ सांगितला.

आता मोक्षाविषयी. दोन्ही शब्द सुटकेचे आहेत, पण सुटका कशातून, हे वेगळे आहे. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे ही कल्पना ख्रिस्ती विचारात नाही, कारण तिथे फेराच नाही. एक जन्म, एक मरण आणि त्यानंतर न्याय, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. जग ही माया नाही. देवाने ते शून्यातून निर्माण केले, ते त्याच्याहून वेगळे आहे, आणि उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात ते ‘चांगले’ आहे असे देव पुनःपुन्हा म्हणतो. त्यामुळे देहात असणे ही मुळी अडचणच नव्हे. अडचण आहे ती माणूस आणि देव यांच्यातले नाते तुटल्याची. ‘पाप’ हा शब्द उच्चारला की आपल्यासमोर चोरी, व्यभिचार, खून अशी यादी उभी राहते. पण त्यासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘नेम चुकणे’ असा आहे. ज्याच्यासाठी आपण घडवले गेलो ते सोडून भलतीकडे जाणे, हे पाप. यादी ही त्याची फळे.

लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात येशू एक दृष्टान्त सांगतो. त्यातला धाकटा मुलगा बापाच्या हयातीत आपला वाटा मागून घेतो. वाटणीचे दावे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या मागणीतला दंश सांगायला नको. ‘तुम्ही मेलात असे मी धरून चालतो’ असेच ते म्हणणे आहे. पैसा उडवून तो डुकरे राखू लागतो, आणि डुकराला अशुद्ध मानणाऱ्या यहुदी श्रोत्यांना याहून खालची पायरी ठाऊक नव्हती. परत येताना तो क्षमेचे भाषण घोकून येतो, ‘मला मजुरासारखा ठेवा’ असे म्हणणार असतो. पण बाप ते वाक्य त्याला पुरे करू देत नाही. तो आधीच धावत निघालेला असतो. त्या समाजात प्रतिष्ठित म्हाताऱ्याने अंगरखा सावरत रस्त्याने धावणे शोभण्यासारखे नव्हते. देव कसा आहे, असे कोणी विचारले, तर तो असा आहे, हे ख्रिस्ती उत्तराचे पहिले वाक्य आहे.

वारीतला_एक

लेख उत्तम. आमच्या घरी तीन पिढ्यांची माळ आहे, म्हणून एक शंका नम्रपणे मांडतो. कृपा ही काही ख्रिस्ती मंडळींची मिरास नव्हे. विठ्ठलाला आम्ही पतितपावन म्हणतो. आपल्या पुण्याच्या बळावर देव भेटतो, असे तुकोबांनी कधी म्हटले नाही. धावत येणारी माउलीही आमच्या ओळखीची आहे. मग फरक उरतो तो नावापुरताच ना?

जुनी_वेस

आपली शंका रास्त आहे, आणि ती पहिल्यांदा आपल्यालाच सुचली असे नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला; पुढे आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांनी पूल ओलांडला, पण मागे वळून तो पाडला नाही. त्यांच्या ख्रिस्ती पदांमध्ये अभंगाचाच ठेका आहे, आणि आजही आमच्या उपासनेत ती पदे पेटी-तबल्यावर म्हटली जातात.

तरीही फरक नावापुरता नाही, असे मला वाटते. कृपेची आर्तता दोन्हीकडे सारखी असेल. तिचा आधार वेगळा आहे. ख्रिस्ती विश्वासाच्या अंगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, येशूखेरीज दोनच माणसांची नावे येतात: एक मरिया, दुसरा पंतय पिलात. जगाच्या तारणाविषयीच्या इतक्या त्रोटक मजकुरात येशूला क्रूसावर देण्याचा हुकूम करणाऱ्या एका रोमन सुभेदाराला जागा का मिळावी? कारण त्यामुळे प्रसंगाला तारीख मिळते. पिलात इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा कारभार पाहत होता. ही पुराणकथा नसून अमक्या अधिकाऱ्याच्या अमदानीत, अमक्या शहराच्या वेशीबाहेर घडलेली गोष्ट आहे, असा हा दावा आहे. तो कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. परंतु कृपा हा देवाचा केवळ स्वभाव नसून त्याने एकदा, एका ठिकाणी केलेली कृती आहे, हे ख्रिस्ती म्हणणे त्यावर उभे आहे.

अधांतरी

तीन देवांचा प्रश्न बाजूलाच राहिला. आमच्याकडे ब्रह्मा, विष्णू, महेश. त्यांच्याकडे पिता, पुत्र, आत्मा. एक निर्माण करतो, एक तारतो, एक आत बसून चालवतो. सरळ आहे की!

गिरीजकर

सरळ वाटते खरे, आणि नेमके तिथेच चुकते. मी वसईचा कॅथलिक आहे. आमच्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गात हीच चूक मुले दरवर्षी करतात, आणि काही शिक्षकही करतात.

पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, याला आम्ही त्रैक्य म्हणतो. कामांची वाटणी म्हणजे त्रैक्य नव्हे. निर्मिती पित्याची, पुत्राची आणि पवित्र आत्म्याचीही, तारणही तिघांचे. दुसरी चूक बर्फ, पाणी आणि वाफ या दृष्टान्ताची. तो ऐकायला इतका सोपा आहे की कोणी सोडायला तयार नाही. पण एकच पाणी तीन रूपे घेते, असे म्हटले की पिता हाच कधी पुत्राचा वेष घेतो, असे होते. मग बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीत उभा असलेला येशू, आकाशातून बोलणारा पिता आणि कबुतरासारखा उतरणारा आत्मा एकाच वेळी कसे? तिसऱ्या शतकात साबेल्लियसच्या नावाने हे मत ओळखले गेले आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, ते नाकारले.

उलट टोकाला आलेक्सांद्रियाचा आरियस होता. पुत्र हा श्रेष्ठ असला तरी निर्माण केलेला आहे, असे त्याचे म्हणणे होते. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, धर्मसभा बोलावली. पुत्र हा पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, असे शब्द तिथे ठरले, आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत त्या अंगीकाराला आज आपण म्हणतो तसे विस्तृत रूप आले. हा वाद केवळ शब्दांचा होता, असे मी पूर्वी समजत असे. पण पुत्र जर देवाने पाठवलेला एखादा मोठा दूत असेल, तर देव स्वतः काहीच सोसत नाही. दुसऱ्याला सोसायला लावतो. आरियसचे म्हणणे खरे ठरले, तर क्रूसावरची गोष्ट प्रीतीची न राहता क्रौर्याची होते. त्रैक्य आणि तारण हे दोन स्वतंत्र धडे नाहीत; पहिला सुटला की दुसरा उभा राहत नाही.

भाषेचीही अडचण आहे. ‘एक देव, तीन व्यक्ती’ असे आपण म्हणतो, पण मराठीत व्यक्ती म्हटले की तीन आधारकार्डे डोळ्यांसमोर येतात. मूळ ग्रीक शब्दात स्वतंत्र मनाच्या तीन माणसांचा अर्थ नाही. देव आपल्या असण्यातच नाते आहे, प्रीती करायला कोणी असावे म्हणून त्याला जग निर्माण होण्याची वाट पाहावी लागली नाही, एवढे समजले तरी पुष्कळ झाले. याउपर हे गूढ आहे, असे आम्ही मान्य करतो.

आणि हे गूढ ज्यांना पचले नाही त्यांनी लाजण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला, आणि त्यानंतर त्यांनी त्रैक्यावर व ख्रिस्ताच्या देवत्वावर आपल्या अँग्लिकन गुरुभगिनींशी पत्रांतून असा वाद घातला की त्या हवालदिल झाल्या.

हिशेबनीस

दोघांचेही आभार. सहकाऱ्याकडून मराठी पवित्र शास्त्र मागून आणले आहे आणि मार्क वाचतो आहे. दहाव्या अध्यायात येशू आपला जीव ‘खंडणी’ म्हणून देण्यास आला आहे, असे वाचून थबकलो. वर्तमानपत्रात खंडणी गुंडाला देतात. माझ्या खिडकीवरच्या तारणात तर तीन बाजू स्वच्छ असतात: कर्ज घेणारा, देणारा आणि मध्ये ठेवलेला दागिना. इथे दागिना ख्रिस्त असेल, तर तो कोणाच्या तिजोरीत ठेवला गेला?

जुनी_वेस

आपण ज्या भिंतीला येऊन टेकलात, तिथे मोठमोठे आचार्य अडले आहेत.

आधी शब्द. ग्रीक मुळात तो गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी मोजलेल्या रकमेचा शब्द आहे. जुन्या मराठीत खंडणीला आजच्याइतका गुंडगिरीचा वास नव्हता. आता प्रश्न. तिसऱ्या शतकात ओरिजेनने आणि चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने ‘सैतानाला’ असे उत्तर दिले. माणूस त्याच्या ताब्यात होता, म्हणून मोल त्याला. निस्साच्या ग्रेगरीने तर गळाला लावलेल्या आमिषाची उपमा वापरली: सैतानाने मनुष्यदेह गिळला आणि आतल्या देवत्वाच्या गळाला अडकला. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला हे मुळीच रुचले नाही. दरोडेखोराला देव कसले मोल देणार, असा त्याचा सवाल होता, आणि पित्याला म्हणावे तर पित्याने आपल्याला कुठे कैदेत ठेवले होते, असा दुसरा. १०९८ च्या सुमारास कँटरबरीच्या अन्सेल्मने हिशेब उलटा मांडला: माणसाने देवाचा मान बुडवला, भरपाई माणसानेच करायला हवी, पण तेवढी ऐपत देवाचीच, म्हणून जो देव आणि माणूस दोन्ही आहे तोच ती करू शकतो. पुढच्या पिढीत आबेलार म्हणाला की क्रूस हा हिशेबच नव्हे. ती प्रीती पाहून माणसाचे मन वितळते आणि तो वळतो, हे त्याचे फळ.

तारण होते, हे मंडळीने अंगीकारात बांधून टाकले. कसे होते, याचे एकच उत्तर तिने कधी बांधून घातले नाही. नवा करार स्वतःही न्यायालय, बाजार, वेदी, रणांगण अशा चार ठिकाणांच्या उपमा एकमेकींत मिसळतो: नीतिमान ठरवणे, मोल देऊन सोडवणे, यज्ञार्पण, विजय. आपल्या तीन बाजूंपैकी तिसरी बाजू शोधू नये, असे माझे मत आहे. कर्ज देणाराच आपल्या खिशाला खार लावून खाते बंद करतो, असा हा व्यवहार आहे, आणि तो कोणत्याही पतसंस्थेच्या उपविधीत बसणार नाही. शिवाय क्रूसावर गोष्ट थांबत नाही. ख्रिस्त उठला नसेल, तर तुमचा विश्वास निष्फळ आहे, असे करिंथकरांस व रोमकरांस पत्रे लिहिणारा प्रेषित पौल सरळ लिहितो.

अधांतरी

म्हणजे सगळे फुकट. मग चांगले वागायचे कशाला? आयुष्यभर लोकांना लुबाडावे आणि खाटेवर ‘चुकलो’ म्हणावे. आणि माझी आजी, जिने ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही पण दारातून कोणाला उपाशी जाऊ दिले नाही, ती कुठे?

गिरीजकर

पहिला प्रश्न पौलालाही विचारला गेला होता. ‘कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय’ असे तोच रोमकरांस विचारतो आणि कदापि नाही, असे उत्तर देतो. कृत्यांवाचून विश्वास मेलेला आहे, असे याकोब लिहितो. खाटेवरचे ‘चुकलो’ खरे असेल, तर देव ते ऐकतो. येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेल्या गुन्हेगाराला बाप्तिस्माही मिळाला नव्हता आणि एक सत्कृत्य करण्याइतका वेळही उरला नव्हता, तरी येशूने त्याचे ऐकले. पण ‘शेवटी म्हणेन’ असे आज ठरवणारा माणूस पश्चात्ताप पुढे ढकलत नाही, तो करणारच नाही असे ठरवत असतो.

यावर आमच्यात भांडणे झाली आहेत, हेही लपवू नये. १५१७ मध्ये मार्टिन लूथरपासून सुरू झालेल्या फाटाफुटीचे मूळ यातच आहे: देव माणसाला केवळ विश्वासावरून नीतिमान ठरवतो, की कृपेने आतून बदलत नेऊन नीतिमान करतो? ट्रेंटच्या धर्मसभेने (१५४५ ते १५६३) लूथरच्या मताचा निषेध केला. त्यानंतर साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लूथरन प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण केवळ कृपेने आहे आणि ती कृपा माणसाला सत्कर्मांसाठी सज्ज करते, यावर दोघांचे एकमत झाले. सत्कर्म हे भाडे नव्हे. घर मिळाल्यावर माणूस दिवा लावतो, तसे ते आहे.

आपल्या आजीविषयी मी हलक्या हाताने लिहितो. आमच्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६४ मध्ये असे म्हटले की ज्यांना स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. आमच्या दृष्टीने तेही ख्रिस्ताद्वारेच, त्यांना नाव ठाऊक नसले तरी.

जुनी_वेस

इथे मला भर घालावी लागेल. प्रोटेस्टंट मंडळ्यांत यावर एकवाक्यता नाही. ख्रिस्तावर उघड विश्वास ठेवल्यावाचून तारण नाही, असे ठामपणे मानणारे पुष्कळ आहेत. न्याय देवाचा आहे, आपण निकालपत्र लिहू नये, असे म्हणणारेही आहेत. मी दुसऱ्या गटात बसते. त्यामुळे आमच्या मंडळीतल्या काहींना मी नरम वाटते, याला माझा इलाज नाही.

दुसरी भर रमाबाईंविषयी. पुढे त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांना उमगले: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मत पटणे आणि तारण अनुभवणे यांतले अंतर इतक्या थोड्या शब्दांत कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. ज्यांना हे अंतर कळले, त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभारले आणि इब्री व ग्रीक शिकून सगळे पवित्र शास्त्र मराठीत आणले. त्या १९२२ मध्ये वारल्या. ते भाषांतर १९२४ मध्ये छापून झाले.

वारीतला_एक

माझ्या मूळ शंकेचे उत्तर मिळाले, पण एक विचारतो. जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूर येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. म्हणजे त्यांनाही फरक मोठा वाटला नसावा?

गिरीजकर

सुमारे अकरा हजार ओव्या लिहिणाऱ्या माणसाला श्रोत्यांच्या कानांतला शब्द घ्यावाच लागतो. शब्द घेतला, अर्थ मात्र आत बदलला. ख्रिस्ती आशेचा शेवट आत्म्याने देह टाकून वर जाण्यात नाही. अंगीकाराच्या शेवटी ‘देहाचे पुनरुत्थान’ असे शब्द आहेत. आमच्यात दफनाची रीत टिकली त्यामागे हीच आशा आहे. कॅथलिक धर्मपीठाने १९६३ मध्ये दहनाला मुभा दिली, तीही पुनरुत्थान नाकारण्यासाठी ते केले जात नसेल तरच, अशा अटीवर. राखेतून देव उठवू शकत नाही, असे कोणाचे म्हणणे नव्हते.

हिशेबनीस

काल सहकारी माझ्या टेबलाशी आला. वडिलांच्या कबरीवरच्या दगडाचा मजकूर कागदावर लिहून आणला होता. माझे अक्षर आणि शुद्धलेखन बरे म्हणून मी पाहावे, अशी त्याची इच्छा होती. पाथरवट अक्षरामागे पैसे घेतो, त्यामुळे काटछाट चालली होती. वर नाव, खाली जन्म आणि मृत्यूच्या तारखा, त्याखाली ‘प्रभूमध्ये निजले’. मी विचारले, ‘तारण झाले’ असे का नाही लिहीत? तो म्हणाला, ‘ते त्यांचे ते सांगत असत. आम्ही निजले म्हणतो, कारण उठायचे आहे.’ मग त्याने कागद पुढे सरकवला आणि ‘निजले’मधला ‘नि’ ऱ्हस्व की दीर्घ, हे विचारले. मी ऱ्हस्व सांगितला. तळाशी एका वचनाचा नुसता क्रमांक होता, योहान ११:२५. पूर्ण वचन परवडत नव्हते.

जुनी_वेस

ऱ्हस्वच. क्रमांक पुरेसा आहे. ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे येशूचे वचन त्या कबरस्तानात येणाऱ्या निम्म्या लोकांना पाठ आहे. आपण मार्क संपवून योहान हाती घेतला की अकरावा अध्याय सुरुवातीपासून वाचावा, नुसते पंचविसावे वचन नव्हे. मेलेल्या लाजराची बहीण मार्था येशूकडे आधी तक्रार करते, मग विश्वास सांगते, आणि त्याने कबरेवरची धोंड काढायला सांगितल्यावर पुन्हा कचरते.